पाव इंच खचलेली लिनेट

सिरिल टॉन्क्सच्या घरी पाहुण्यांसाठी वेगळी खोली होती आणि त्या खोलीतल्या पलंगावर अडीच वर्षं दोन दारं झोपली होती. मोटारीची दारं. खाली गादी, वर लोकरीची शाल, मध्ये एकमेकांना घासू नयेत म्हणून जुना टॉवेल. सिरिलच्या बायकोची, मेव्हिसची, बहीण नाताळला डडलीहून आली तेव्हा तिची पथारी बैठकीच्या खोलीतल्या कोचावर पडली.

"दारांना उशीसुद्धा दिली आहे की काय?" तिने विचारलं.

"दिली आहे," मेव्हिस म्हणाली. "सिरिल म्हणाला, मान अवघडेल."

सिरिल हसला नाही. उशी खरोखरच दिलेली होती. बिजागरीच्या खालचा कोपरा टेकू नये म्हणून.

विलेनहॉल हे कुलपांचं गाव. इथे लोक आडनाव सांगण्याआधी कुठल्या कारखान्यात होते ते सांगतात. सिरिलने तेहतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच खिडकीपाशी, किल्ल्यांवर कानस चालवली. किल्ली कुलपात गेली पाहिजे, फिरली पाहिजे आणि शेजारच्या कुलपात मात्र जाता कामा नये, एवढ्यावर त्याचं तत्त्वज्ञान संपत असे. तो चर्चमध्ये जात नसे, मतदान नियमित करी आणि अंदाजाने केलेल्या कामाला तो 'लेनचं काम' म्हणे.

लेन फेरिडे हा शेजारी. सिरिलला वाईट वाटावं म्हणून नियतीने भिंतीपलीकडे ठेवलेला. लेनच्या व्हॅनला पुट्टीचा इतका थर होता, की लोहचुंबक लावलं तर ते शरमून खाली पडे. गंजलेल्या भोकात लेन वर्तमानपत्राचा बोळा कोंबी, वर पुट्टी थापी, वर रंग मारी आणि संध्याकाळी बायकोला घेऊन वाटाणे-बेकन खायला जाई. ती व्हॅन वर्षानुवर्षं चालत होती. सिरिलला हा वैयक्तिक अपमान वाटे.

सिरिलची गाडी म्हणजे लिनेट. दोन माणसांची, उघडी, वर कापडी टप, जमिनीला इतकी लागून की शेजारून कुत्रा गेला तर नजरानजर व्हावी. जिथे ती बनली तो कारखाना आता फर्निचरचं दुकान झाला होता. १९६६ च्या जूनमध्ये सिरिल आणि मेव्हिस लग्नानंतर तीत बसून बारमथला समुद्रावर गेले. वाटेत वेल्शपूलच्या पुढे पाऊस लागला आणि टपाची कडी अडकली. गावातला सगळ्यांत निष्णात किल्लीवाला त्या कडीशी पंधरा मिनिटं झगडत होता आणि नवी नवरी मांडीवरच्या बशीत साठलेलं पाणी रस्त्यावर ओतत हसत होती. त्या दोघांच्या आयुष्यात यापेक्षा मोठी गोष्ट घडली नाही. मूल झालं नाही. दोघांनीही त्याबद्दल कधी कुणाकडे तक्रार केली नाही, एकमेकांकडेही नाही.

बारा वर्षांनी गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. उंबरे गंजून गेले होते. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची जी लांबट पेटी जाते, तो या गाडीचा उंबरा. बंद गाडीला वर छप्पर असतं, तेही थोडा भार घेतं. उघड्या गाडीचं पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं एकत्र राहतं ते या दोन उंबऱ्यांच्या जोरावर. तपासनिसाने स्क्रूड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. सिरिलने गाडी घरी आणली, गॅरेजमध्ये लावली, वर चादर घातली आणि म्हणाला, "नीट करू."

अकरा वर्षं चादर तिथेच होती. १९८९ मध्ये कारखान्याने त्याचा किल्ल्यांचा विभाग बंद केला, त्याला घड्याळ दिलं, आणि छप्पन्न वर्षांचा सिरिल सोमवारी सकाळी डबा नसताना उठला. त्याच सुमारास मेव्हिसच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं आणि तो हळूहळू सांध्यासांध्यांतून वर सरकतो, असंही सांगितलं. घरी येताना बसमध्ये मेव्हिस म्हणाली, "टॉन्क्स, ती गाडी नीट कर. मला एकदा बारमथला जायचंय. टप काढून." नवऱ्याला ती आडनावाने हाक मारी, लग्नाआधी दोघं एकाच कारखान्यात होते तेव्हापासूनची सवय.

"पुढच्या उन्हाळ्यात," सिरिल म्हणाला.

त्याने नेहमीप्रमाणे आधी वाचन केलं. लिनेटवाल्यांचा एक क्लब होता, त्याचं मासिक येई. संध्याकाळी आठवड्यातून दोनदा तो तंत्रशाळेत वेल्डिंग शिकायला गेला. मग चादर काढली, दारं उतरवून पलंगावर निजवली आणि कापायला सुरुवात केली.

गंजाचा एक नियम आहे: चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. हा नियम ज्याने केला त्याने लिनेट पाहिलेली नसावी. सिरिल बोटभर कापायला गेला की हातभर निघे. उंबऱ्याच्या आत दुसरा पत्रा, त्याच्या आत तिसरा, आणि तिघांच्या मधे तपकिरी पापुद्र्यांचा चिवडा. मेव्हिस गाडीच्या सांगाड्यात, जिथे सीट असायची तिथे, उपड्या बादलीवर बसून बॅटरीचा उजेड धरी. त्या काळात ती एका पायाने आत उतरे, सहज. बॅटरी दोन्ही हातांनी धरावी लागे एवढंच.

"डावीकडे जरा," सिरिल म्हणे.

"डावीकडे काही उरलेलंच नाही रे."

लेन कुंपणावरून डोकावे. "सिरिल, लेका, थांब आता. आणखी कापलंस तर नुसता नंबर उरेल. नंबर मी घेऊन जाईन, माझ्या व्हॅनला होईल."

"तुझ्या व्हॅनला आंघोळ घाल आधी. मग आत व्हॅन आहे की नाही ते कळेल."

सिरिलने दोन्ही बाजूंचे उंबरे एकदम कापले. यात निष्काळजीपणा नव्हता. कुलपाच्या दोन बाजू एकाच बैठकीत, एकाच मापाने करायच्या, म्हणजे फरक पडत नाही, हे त्याचं तेहतीस वर्षांचं शिक्षण. डावा आधी आणि उजवा नंतर केला तर मन बदललेलं असतं, असं तो म्हणे. गाडी पुढून आणि मागून चार भक्कम ठोकळ्यांवर, पाणसळ लावून, अगदी समतल टेकवली होती. दारं पाहुण्यांच्या खोलीत निजलेली. त्यामुळे दाराच्या मोकळ्या चौकटीत, वरच्या बाजूला, जे होत होतं ते पाहायला कुणीच नव्हतं. मधला आधार गेल्यावर गाडी आपल्याच वजनाने पोटात खाली बसली. आवाज न करता, पाव इंच.

त्या पाव इंचावर सिरिलने दीड वर्षं वेल्डिंग केलं. त्याचे टाके पाहायला क्लबातले लोक येत. एका रेषेत, एका जाडीचे, जणू मशीनने शिवलेले. मग तळ, मग मागचे खांब, मग प्रायमर. सांगितलेला उन्हाळा येऊन गेला, त्याच्यानंतरचाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये, मेव्हिसच्या हातात एक काठी आलेली असताना, सिरिलने शाल बाजूला केली, डावं दार उचललं, बिजागऱ्यांवर चढवलं आणि लावलं.

दार लागलं नाही. मागच्या खांबाला वरच्या कोपऱ्यात खटकन आपटलं आणि परत आलं.

त्याने बिजागरी सैल केली, घट्ट केली, पाचर घातली, काढली. उजवं दार आणलं. तेही तसंच. दोन्ही बाजूंना फरक अगदी सारखा होता. एकाच बैठकीत केल्याचा फायदा.

रविवारी क्लबाचे तांत्रिक सल्लागार मिस्टर पिम आले. निवृत्त हेडमास्तर, टाय लावून गाडीखाली शिरणारे. त्यांनी पोलादी पट्टी काढली, फटीत वर घातली, खाली घातली, उभे राहिले, चष्मा पुसला.

"टाके फारच सुंदर आहेत, मिस्टर टॉन्क्स."

"आभारी आहे."

"आणि कापताना दाराच्या चौकटीत आडवे दांडे कसले लावले होते? लोखंडी?"

"कसले दांडे?" सिरिल म्हणाला.

मिस्टर पिमांनी मेव्हिसकडे वळून आणखी एक बिस्कीट मिळेल का, असं विचारलं. आमच्याकडे डॉक्टरही वाईट बातमी याच पद्धतीने देतात. कापण्याआधी चौकटीत दांडे जोडायचे, म्हणजे गाडी खचत नाही, हे क्लबातल्या प्रत्येकाला इतकं ठाऊक होतं की मासिकात ते छापायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मजबुतीला धोका नाही," पिम जाताना म्हणाले. "चालवायला उत्तम. फक्त आकार... तेवढा आकार."

दुसऱ्या दिवशी लेन ग्राइंडर घेऊनच आला. बाही सारलेली, कानामागे पेन्सिल.

"हे बघ. दाराची मागची कड पाव इंच उडवतो. उघडं पडेल तिथे पुट्टी. रंग. शनिवारी संपलं. रविवारी तुम्ही दोघं बारमथला, आइस्क्रीम खाताय."

"दार नाही घासायचं."

"अरे, कुणाला दिसणार आहे?"

"मला."

"मग तू डोळे मिटून चालव. एरवीही तू तशीच चालवतोस."

मेव्हिस चहाचा ट्रे घेऊन गॅरेजच्या दारात उभी होती. ट्रे तिने मनगटांवर तोलला होता, कारण बोटं आता वळत नसत. ती म्हणाली, "टॉन्क्स, लेनला करू दे. एकदा जाऊन येऊ. मग परत आलास की काप हवी तशी, मी काही म्हणणार नाही."

"मेव्ह, असली गाडी घेऊन तुला कशी नेऊ? दारात पुट्टी भरलेली?"

"मी दारात बसणार नाहीये. सीटवर बसणार आहे."

लेन हसला. सिरिलने ट्रे तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. समजावून सांगताना त्याचा आवाज फार मऊ होई. हे दोन वर्षांत नीट होईल, तो म्हणाला. मधून जॅक लावून गाडी पाव इंच वर घ्यायची, टाके सोडवायचे, दांडे लावायचे, पुन्हा शिवायचं. मग दार असं लागेल की तुलाच कळणार नाही लागलं ते.

"बरं," मेव्हिस म्हणाली. "चहा निवतोय."

दोन वर्षांची चार झाली. स्वतःचे टाके उसवणं हे गंज कापण्यापेक्षा कठीण निघालं. ते फार चांगले घातले होते. या चार वर्षांत मेव्हिसचे गुडघे गेले, पाठ गेली, आणि एका खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलातून एक तरतरीत बाई घरी आली आणि सांगून गेली की यांनी आता खोल, बुटक्या जागी बसायचं नाही, वाकायचं नाही. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. सिरिलने त्याच दिवशी मेव्हिसच्या पायाचं माप घेतलं. खुर्चीच्या पायांखाली ठोकळे केले, पलंगाखाली केले, संडासाची बैठक उंच केली. बीच लाकडाचे ठोकळे, खाली लोकरीचा जाड नमदा, कडा गोल. तरतरीत बाई दुसऱ्या खेपेस आली तेव्हा तिने ते इतर पेशंटना दाखवायला फोटो काढून नेले. घरातली बसायची प्रत्येक जागा त्याने जमिनीपासून मोजली आणि वहीत लिहिली.

लिनेटची सीट मोजली नाही. लेनची बायको ग्लेनिस म्हणे, मोजली असती तर आकडा कळला असता, म्हणून नाही मोजली. ग्लेनिस फारशी शिकलेली नव्हती, पण तिला सिरिल वाचता येई.

१९९६ च्या मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, लिनेट गॅरेजच्या बाहेर आली. गडद हिरवी, ओली असावी तशी. दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी. सिरिलने त्यात किल्लीचं पातं फिरवून दाखवलं, कुठेही अडकलं नाही, कुठेही सैल पडलं नाही. लेन टोपी काढून उभा राहिला. "सिरिल," तो म्हणाला, "तू वेडा आहेस, पण गाडी..." आणि पुढे त्याला विनोद सुचला नाही.

मेव्हिस चांगला कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून आली. दोन काठ्या. ग्लेनिसने रुमालाची गाठ मारून दिली होती. टोपलीत सँडविच होते.

सिरिलने दार उघडलं. मेव्हिसने आत पाहिलं. सीट तिच्या पोटऱ्यांच्याही खाली होती.

पहिल्यांदा ती पाठमोरी झाली आणि सिरिलच्या खांद्यांवर हात टाकून खाली जायला लागली. अर्ध्या वाटेत थांबली. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर होता, त्यामुळे दुखतंय हे तिला लपवता आलं नाही. दुसऱ्यांदा आधी पाय आत घालून पाहिला, गुडघा वळेना. तिसऱ्यांदा लेन म्हणाला, "मी उचलतो, तू खाली धर." दोघांनी तिला उचलली, दाराच्या वरून आत नेली, आणि खाली सोडताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून दोघांनीही तिला तशीच परत वर घेतली.

"सीट काढून टाकू," सिरिल म्हणाला. "उंच ठोकळा बसवू. मी मोजतो."

"मग डोकं काचेच्या वर जाईल," लेन हळूच म्हणाला. "अरे, आणि पाय? पायाला जागा कुठली?"

सिरिल पट्टी आणायला आत गेला होता. तो पट्टी घेऊन बाहेर आला, वाकला, मोजलं, पुन्हा मोजलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"टॉन्क्स," मेव्हिस म्हणाली, "सहा-सात वर्षं मी सँडविच केले नाहीत. आज केलेत, ग्लेनिसने लोणी लावलं. ते मी या आवारात उभी राहून खाणार नाही. लेन, तुझी व्हॅन चालू आहे?"

"माझी व्हॅन? ती बंद कधी होती?"

अशा रीतीने ते बारमथला गेले. मेव्हिस व्हॅनमध्ये पुढे, उंच सीटवर, पाठीला दोन उशा, लेन चालवायला, मागच्या बाकावर ग्लेनिस आणि टोपली. त्यांच्या मागून सिरिल, टप काढून, एकटा. शंभर मैल त्याच्यासमोर लेनच्या व्हॅनची मागची दोन दारं होती. एकावर पुट्टीचा फुगा फुटून नकाशासारखं काहीतरी झालं होतं, आणि दोन्ही दारं प्रत्येक खड्ड्यात खडखडत होती, पण लागलेली होती. वेल्शपूलच्या पुढे पाऊस आला नाही. ऊन होतं. समोरून येणारे लोक लिनेट पाहून हात करीत, हॉर्न वाजवीत, आणि रिकाम्या सीटकडे पाहून मग सिरिलकडे पाहत.

बारमथला समुद्राच्या कडेला गाड्या लावल्या. पाच मिनिटांत लिनेटभोवती चार पुरुष जमले. अशा गाडीभोवती ते जमिनीतून उगवतात. एक म्हणाला, हे तुम्ही घरी केलंत? दुसरा म्हणाला, दार लावून दाखवा ना. सिरिलने दार लावलं. टक्. त्या माणसाने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, पुन्हा एकदा. सिरिलने पुन्हा लावलं. मग त्याला बाकावरची मेव्हिस दिसली. समुद्राकडे तोंड, काठ्या दोन्ही बाजूंना, रुमालाचं टोक वाऱ्याने गालावर आपटत होतं आणि तिला ते हाताने बाजूला करता येत नव्हतं.

तो त्या माणसांना तसंच सोडून तिच्याजवळ जाऊन बसला. रुमालाचं टोक कॉलरमध्ये खोचलं. लेन आणि ग्लेनिस आइस्क्रीमच्या रांगेत होते.

"मेव्ह," तो म्हणाला. "त्या वेळी लेनला दार घासू द्यायला हवं होतं."

तीस वर्षं त्याची बायको होती ती. त्याने कप फोडला, नाताळचं बदक जाळलं, तिच्या आईच्या अंत्यविधीला चुकीच्या चर्चमध्ये नेऊन बसवलं, प्रत्येक वेळी ती 'असू दे रे' म्हणाली होती. तो आताही त्याचीच वाट पाहत होता.

"हो," मेव्हिस म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. वेळ विचारल्यावर सांगावी तसं म्हटलं होतं. समुद्र ओहोटीला लागला होता, वाळूवर दोन पोरी कुत्र्यामागे धावत होत्या. सिरिलने मान हलवली. मेव्हिसने आपली वाकडी मूठ त्याच्या गुडघ्यावर ठेवली. ठेवली म्हणजे टाकली, कारण हळू ठेवणं आता तिला जमत नसे. दोघं तशीच बसून राहिली, लेन चार आइस्क्रीम सांभाळत येईपर्यंत. मेव्हिसचं आइस्क्रीम सिरिलने धरलं. ते वितळून त्याच्या मनगटावरून बाहीत गेलं तरी त्याने हात हलवला नाही, तिचं खाऊन होईपर्यंत.

निघताना लेनने विचारलं, "कोण कुठे बसणार?" आणि विचारल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी होते तिथेच," मेव्हिस म्हणाली. "पण टॉन्क्स, परत जाताना तू पुढे राहा. येताना तू मागे होतास. मला दिसलाच नाहीस."

म्हणून परतीच्या वाटेवर लिनेट पुढे होती. सिरिलने वेग पंचेचाळीसच्या वर नेला नाही. डोंगर संपेपर्यंत ऊन पाठीमागून पडत होतं. त्याच्या छोट्या आरशात व्हॅन दिसत होती, तिची उंच काच दिसत होती, पण काचेवर आभाळ पडलं होतं, आणि आत कोण बसलंय ते कळत नव्हतं. तरी वेल्शपूल येईपर्यंत त्याने तीन वेळा हात वर केला.